टसरचे व्याही

भेस्तान, सुरत
१२ ऑगस्ट

तीर्थस्वरूप गजेंद्रदादा यांना,

सुरतेहून भिकनचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला या हवेत वाढला नसेल, अशी आशा करतो. शेवग्याला शेंगा लागल्या का, म्हैस व्याली का आणि अंगणातल्या हापशाला पाणी येतं का, हेही कळवा. मी इकडे मजेत आहे. मुलगी लग्न होऊन बडोद्याला गेली, आता उज्ज्वलाही माहेरी तुमच्याकडे, त्यामुळे घरात भरपूर शांतता आहे. पाहिजे तेव्हा उठतो, पाहिजे तो चॅनल लावतो आणि चष्मा पाहिजे तिथे ठेवतो. (मग तो सापडत नाही, एवढीच काय ती अडचण.) तेव्हा माझी काळजी करू नका. तशी ती तिकडे कोणी करत असेल, असं मला वाटतही नाही.

मोबाईल असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. उज्ज्वलाचा फोन लागतो, पण ती उचलत नाही. तुमचा लागतो, तुम्ही उचलता आणि लगेच स्पीकरवर टाकता. मग मागून भांडी आपटल्याचा आवाज येतो आणि माझं वाक्य अर्धवट राहतं. पत्र स्पीकरवर टाकता येत नाही. बावीस जुलैला सकाळी तुमची बहीण साडीच्या चार खोक्यांत सदतीस अळ्या घेऊन उधन्याहून भुसावळच्या गाडीत बसली आणि नवापूरला उतरली, त्याला आज एकवीस दिवस झाले. एवढ्या दिवसांत तिने तिची बाजू सांगितलीच असणार. (तिला एकवीस दिवस पुरले का, हा प्रश्न वेगळा.) मलाही बाजू आहे. ती ऐकून घ्या, मग काय तो न्याय करा. मी तिला परत बोलवत नाही, हे आधीच स्पष्ट लिहितो. माणसाला स्वाभिमान असतो. तुमच्या मनात माझ्याबद्दल गैरसमज राहू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

आता, सुरुवात तुमच्यापासूनच झाली हे मला नाइलाजाने लिहावं लागतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघी बहिणी माहेरी आल्या होत्या आणि त्यांना न्यायला आम्ही दोघे साडू, मी आणि योगराज. निघताना तुम्ही अंगणात आलात ते हातात सादड्याच्या झाडाच्या दोन काटक्या घेऊन. प्रत्येक काटकीला एकेक कोश, लांब देठाने लटकलेला, राखाडी, दगडासारखा टणक. तुम्ही म्हणालात, जंगलात रस्त्याच्या कामात झाड पडलं, त्यावरचे हे टसर रेशमाचे कोश, आत पतंग झोपलेला आहे, गॅलरीत सावलीला टांगा, पावसाळा लागला की आपोआप बाहेर येईल. तीस वर्षं वनखात्यात काढलेला माणूस जावयांना जाताना आंबे द्यायचे सोडून किडे देतो, याचं मला त्या वेळी काही वाटलं नाही. मला वाटलं ते वेगळंच. तुम्ही एक काटकी योगराजला दिलीत आणि मग एक मला. (आधी त्याला. थोरला जावई मी असताना. पण ते जाऊ द्या.) आणि योगराजचा कोश माझ्यापेक्षा मोठा होता.

तुम्ही म्हणाल, एवढं कसं दिसलं? दादा, पलसाण्याच्या मिलमध्ये मी एकतीस वर्षं कापड तपासलं. टेबलावरून कापड सरकत जायचं आणि माझी नजर त्यातला तुटका धागा, तेलाचा डाग, फिका पडलेला रंग शोधत राहायची. चांगलं कापड किती गेलं ते मला कोणी कधी विचारलं नाही आणि मीही पाहिलं नाही. खराब किती गेलं, ते आजही सांगेन. त्या नजरेतून सुपारीएवढा फरकसुद्धा सुटत नाही. आणि योगराजच्या बाबतीत ही नजर अजून तेज होते, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. तो तुमच्या धाकट्या चंचलचा नवरा म्हणून तुम्हाला गोड आहे. माझ्या मात्र तो समोरच्या बिल्डिंगमध्ये, समोरच्याच गॅलरीत, चोवीस तास डोळ्यांपुढे आहे. रिंग रोडच्या मार्केटात साड्यांची दलाली करून त्याची जीभ अशी तयार झाली आहे, की तो आमच्या सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा ‘केम छो शेठ’ म्हणतो. तुमच्याकडे पंख्याखालची खाट त्याला, दाराजवळची मला. आमरसाची दुसरी वाटी त्याला आग्रहाने, मला विचारून. तुम्ही मुद्दाम करत नसाल. पण मुद्दाम न करताही इतकी वर्षं एकाच बाजूला झुकतं, म्हणजे काहीतरी असेलच ना?

तर गाडीत काटक्यांच्या दोन्ही पिशव्या एकाच खुंटीला टांगल्या होत्या. व्यारा स्टेशन आलं, योगराज भजी आणायला खाली उतरला, दोघी बहिणी खिडकीतून काकड्या घेत होत्या. मी काटक्या बदलल्या. एवढंच. याला उज्ज्वला चोरी म्हणते. मी म्हणतो, त्याचा तो माझ्याकडे आला आणि माझा त्याच्याकडे गेला, दोघांकडे एकेक राहिलाच, मग चोरी कसली? योगराज भजी घेऊन आला, त्यातलं मिरचीचं मोठं भजं त्याने मला दिलं आणि मी ते खाल्लं. भजी चांगली होती, हे कबूल करतो.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी माझ्या हातून एक चूक झाली, पण ती सुरतेतल्या कोणत्याही कापडवाल्याच्या हातून झाली असती. आमच्याकडे कोणी रेशीम म्हणून काही हातात दिलं, की आम्ही आधी एक धागा ओढतो आणि त्याला लायटर लावतो. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली तर रेशीम. मुलीच्या लग्नातला शालूसुद्धा आम्ही असाच पास केला होता. (व्याह्यांच्या समोर. त्यावरूनही उज्ज्वला सहा महिने बोलत होती.) तुमच्यावर अविश्वास नव्हता दादा, सवय होती. मी कोशाच्या देठाचा एक तंतू नखाने ओढला. तो तुटेना. मग मी तुटायची वाट न बघता तसाच लायटर लावला, जरा जवळून बघावं म्हणून वाकलो, आणि देठ करपला आणि माझी डावी मिशीही करपली. दोन्हींचा वास एकच आला, त्यामुळे ती तपासणी बाद धरावी लागली. उज्ज्वला स्वयंपाकघरातून धावत आली, “काय जळी ऱ्हायनं हो?” आणि माझ्या हातातली काटकी बघून तिने कपाळावर हात मारला. “त्यामा जीव शे ना! तुम्हले कोनी लायटर लायं तं कसं वाटी?” मिशीला लागलंच आहे, हे मी सांगू शकलो असतो, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिने कोश गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीला टांगला आणि मला त्याच्यापासून चार हात लांब राहायला सांगितलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आधी योगराजचा फुटला. म्हणजे माझा. म्हणजे जो मुळात तुम्ही मला दिला होता तो. संध्याकाळी समोर आरडाओरडा झाला म्हणून गॅलरीत आलो, तर त्यांच्या हॉलमध्ये वीतभर रुंदीचा, विटकरी रंगाचा पतंग भिरभिरत होता, प्रत्येक पंखावर आरपार दिसणारा एकेक गोल डोळा, आणि डोक्यावर पिसांसारख्या दोन मिशा. (शाबूत.) चंचलने पंखा बंद केला, दिवे बंद केले, सोसायटी गोळा केली, आणि सगळ्यांना कोकम सरबत दिलं. गुजराती बायका ‘केटलुं मोटुं छे’ करत होत्या. योगराजने त्याला बोटावर बसवून फोटो काढला तो रात्री तीन ग्रुपांवरून फिरून माझ्याच फोनवर आला. आणि माझ्या गॅलरीत? माझाही त्याच संध्याकाळी बाहेर आला, पण मळकट पिवळा, पोट हे एवढं, आणि बाहेर आल्या जागीच कोशाला धरून बसला. उडेना. हलेना. मी वर्तमानपत्राने वारा घातला, टाळ्या वाजवल्या, तर उज्ज्वलाने वर्तमानपत्रच काढून घेतलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चांगला मोठा बघून आणला तर हा असा निघाला, आणि सांगता कोणाला?

बरं, हिचं त्या किड्याशी वागणं बघा. खुर्ची टाकून ती त्याच्याशेजारी बसली. तुम्ही फोनवर तिला सांगितलंत की या पतंगांना तोंडच नसतं, अळी असताना खाल्लेलं तेवढ्यावर आठवडाभर जगतात. ते ऐकल्यापासून तर तिच्या डोळ्यात पाणीच. “याले तोंडच नही शे, दखा. कितलं गुणी शे.” हे माझ्याकडे बघून म्हणण्याचं कारण काय? माझा सहाचा चहा त्या दिवशी आठला झाला. ती त्या किड्याशी दोन तासांत जेवढं बोलली तेवढं माझ्याशी दोन वर्षांत बोललेली नाही. मला माणसाचा हेवा वाटतो हे मी जाणतो, त्याची मला सवय आहे. किड्याचा हेवा पहिल्यांदाच वाटला आणि तो जरा जास्तच झोंबतो, कारण तो कोणाला सांगता येत नाही.

रात्री समोरून चंचलचा आवाज आला की त्यांचा पतंग जाळी उघडी राहिली तेवढ्यात उडून गेला. मला फार छान झोप लागली. पहाटे दूध घ्यायला उठलो आणि गॅलरीत बघतो, तर योगराजचा पतंग आमच्याच दोरीवर, आमच्या पतंगाला शेपटीकडून जोडलेला, दोघेही अगदी निवांत. मी तुम्हाला फोन लावला, आठवतं ना? तुम्ही हसत म्हणालात, दाजी, मोठा कोश मादीचा असतो, लहान नराचा. मादी उडत नाही, बसल्या जागी वास सोडते, आणि नर लांबून शोधत येतो. दादा, तुम्ही हसत होतात आणि इकडे माझ्या पायाखालची जमीन सरकत होती. तुम्ही मला नर दिला होता. लांबून उडत येणारा, देखणा नर तुम्ही मला दिला होता, आणि मी तो व्यारा स्टेशनात माझ्या हाताने योगराजला देऊन टाकला!

पुढचं तर तुमच्या कानावर आलंच असेल. शेजारच्या सरलाबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, चला, आता तुम्ही दोघे साडूंचे व्याही झालात. झालं. तासाभरात योगराज आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, चंचलला घेऊन हजर. सोफ्यावर असा बसला की मागे लोड नाही याची मलाच लाज वाटावी. वरपक्ष! “साडूभाऊ, पोरगं आमनं शे, चहामा साखर जास्त पडाले पाहिजे.” उज्ज्वला आणि चंचल हसून हसून बेजार. उज्ज्वलाने नारळ काढला, आणि व्याह्यांना टॉवेल-टोपी द्यायची म्हणून कपाटातून माझा नवा, घडी न मोडलेला टॉवेल काढून त्याच्या खांद्यावर टाकला. मुलीचा बाप होण्याची माझी हौस बडोद्यात एकदा फिटली होती. त्या तीन दिवसांत मी किती वेळा वाकलो ते माझ्या कमरेला ठाऊक. पुन्हा तीच पाळी, तीही मी हाताने ओढवून घेतलेली, आणि समोर कोण, तर योगराज. दुपारी तीनपर्यंत ती जोडी सुटली नाही आणि तोपर्यंत वरपक्षही उठला नाही. पाच चहा झाले. बटाट्याची भजी झाली. ती मी तळली.

मग अंडी. दोरीवर माझी लुंगी वाळत होती, मादीने तीच पसंत केली. तीन दिवसांत एकशे चौसष्ट अंडी, चपटी, तांबूस, ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान. लुंगी दहा दिवस दोरीवरून काढायची नाही असं ठरलं. ठरवणाऱ्यांत मी नव्हतो. नर चौथ्या दिवशी मेला, मादी सातव्या. उज्ज्वलाने दोघांना कण्हेरीच्या कुंडीत पुरलं आणि पदराने डोळे पुसत राहिली. मला राहवलं नाही. मी म्हणालो, माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा तू एवढी रडली नव्हतीस. तर ती शांतपणे म्हणाली, “तुम्हले तोंड शे.” आणि आत गेली.

अळ्या निघाल्या त्या एकशे एकोणीस, मुंगीपेक्षा थोड्या मोठ्या, पिवळट आणि काळ्या डोक्याच्या. सुरतेत सादडा कुठून आणायचा? तुम्ही सांगितलंत की देशी बदामाचा पालाही चालतो, दोघे एकाच कुळातले. आणि आमच्या सोसायटीत बदामाचं झाड एकच, ते नेमकं योगराजच्या बिल्डिंगला टेकलेलं. तेव्हापासून उज्ज्वलाची बैठक समोर हलली. योगराज सकाळी मार्केटात जायच्या आधी स्टुलावर चढून पाला काढायचा, दोघी बहिणी साडीच्या खोक्यांत तो पसरायच्या आणि मोठ्या झालेल्या अळ्यांना दिवसा झाडावरही सोडायच्या. कावळे, मुंग्या, गांधीलमाश्या आणि पावसातला रोग यांत निम्म्याहून जास्त गेल्या. उरल्या त्या मात्र वाढल्या. दर पाच-सहा दिवसांनी खाणं सोडून मान वर करून बसायच्या आणि दुसऱ्या दिवशी जुनी कातडी मागे टाकून हिरव्यागार बाहेर यायच्या. अशा एक नाही, चार वेळा. खाताना खोक्यातून करकर आवाज यायचा. उज्ज्वला घरी जेवायला यायची तेव्हा मी एकच गोष्ट ऐकायचो. योगरावांचा हात किती हलका, एकही पान फाटत नाही. योगराव पावसात भिजले पण पाला कोरडा आणला. दादा, मी कधी पाला आणला नाही हे खरं. पण मला कोणी सांगितलं होतं का? (सांगितलं होतं, दोनदा. तेव्हा मॅच होती.)

आणि मग तो रविवार आला. सरलाबाईंनी त्यांच्या भजनाच्या बायका आणल्या होत्या अळ्या बघायला. योगराज पाल्यासाठी स्टुलावर चढलेला, तिथूनच रंगात येऊन सांगत होता, की गजेंद्रदादांनी जंगलातून खास निवडून मला नर दिला, दादांचा माझ्यावर जीव, आणि बघा, पोरं कशी बापावर गेली आहेत. बायका माना हलवत होत्या. उज्ज्वलाही हलवत होती. मी झाडाखाली उभा होतो, तिथून ओरडलो, “तो नर माझा आहे! दादांनी मला दिलेला! मी गाडीत बदलला!”

ओरडल्यावर मला कळलं, मी काय ओरडलो ते. बायकांच्या माना हलायच्या थांबल्या. फक्त खोक्यातला करकर आवाज चालू होता. योगराज स्टुलावरून खाली उतरला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, “माले ठाऊक शे, साडूभाऊ. भजी लई उनू तवयच काटकी बदलेल दिसनी. म्हटलं, तुम्हनी हौस व्हई.” म्हणजे दादा, याने माझी चोरी (उज्ज्वलाचा शब्द) बघितली, आणि त्यानंतर मला मिरचीचं मोठं भजं दिलं! इतके दिवस हा माणूस सगळं जाणून माझ्या घरी व्याही होऊन बसला आणि एका शब्दाने बोलला नाही. भांडला असता तर मी त्याला माफ केलं असतं. असल्या चांगुलपणावर माणसाने करायचं काय?

उज्ज्वला मात्र हसली नाही, चिडलीही नाही. बायका गेल्यावर घरी येऊन तिने मला एकच सांगितलं. तुम्हाला तिने ते सांगितलं की नाही मला माहीत नाही, पण मी लिहितो, कारण पत्र खरं असावं. ती म्हणाली, “मना माहेरथून जे बी येस, ते तुम्हले योगरावनापेक्षा लहानच दिसस. मी बी तठूनच येल शे.” बदामाचा पाला संपत आला, अळ्यांना आता सादडाच पाहिजे, असं चंचलला सांगून तिने खोकी बांधली. तिसऱ्या दिवशी मी उधन्यापर्यंत खोकी धरून गेलो. तिने ती माझ्या हातातून घेतली आणि खिडकीशी बसली, ती दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी.

तर अशी माझी बाजू आहे. लिहायला बसलो तेव्हा ती जास्त भक्कम वाटत होती.

ती गेल्यावर दोन दिवसांनी योगराजने हाक मारली. बदामाच्या झाडावर एक अळी राहून गेली होती. मी तिच्याकडे बघणार नव्हतो. पण कावळे बसायचे, म्हणून मी खाली खुर्ची टाकली. पाऊस यायचा, म्हणून छत्री नेली. सकाळी मी, संध्याकाळी योगराज, अशी आपोआप पाळी लागली. मागच्या गुरुवारी तिने खाणं सोडलं. आधी तोंडातून तार काढत काटकीभोवती एक कडी केली, मग तिथून देठ खाली आणला, दोन पानं ओढून जवळ घेतली आणि मधोमध स्वतःला विणायला लागली. पहिल्या दिवशी जाळीतून आत डोकं हलताना दिसत होतं, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. दुसऱ्या दिवशी फक्त सावली. तिसऱ्या दिवशी काही नाही. दादा, एकतीस वर्षांत लाखो मीटर कापड माझ्या डोळ्यांखालून गेलं, पण धागा होताना मी कधी बघितला नव्हता. आमच्याकडे तो पुठ्ठ्याच्या कोनावर गुंडाळून टेम्पोतून यायचा. तीन दिवस मी तिथे बसून होतो आणि दोष शोधायचं मला सुचलंच नाही. पावसात चहा घेऊन योगराज आला, तेव्हा आम्ही दोघे एकाच छत्रीत उभे राहिलो.

बाकी इकडची खबरबात विशेष नाही. माझ्याकडून काही कमीजास्त लिहिलं गेलं असेल तर तुम्ही थोरले आहात, पोटात घ्या. वहिनींना नमस्कार. म्हशीला काय झालं ते कळवायला विसरू नका.

तुमचा,
भिकन

ता. क. कुकरची शिट्टी कुठे ठेवली आहे, तेवढं विचारून ठेवा. माझं नाव न घेता.

ता. क. दुसरा. चंचल रोज डबा पाठवते. काल वांग्याचं भरीत होतं. उज्ज्वलाला सहज बोलता बोलता सांगा, की दाजी म्हणत होते, असं भरीत जन्मात खाल्लं नाही. बघा, सकाळच्या गाडीने येते की नाही.

ता. क. तिसरा. वरचं खोडा. सांगू नका. लिहून झाल्यावर वाचलं तेव्हा लक्षात आलं की मी पुन्हा तेच केलं, तिला पुन्हा बहिणीशेजारी ठेवून मापलं. खरं तर रोज दोन घास खाऊन डबा परत जातो. चंचलला वाटतं मीठ कमी पडलं. मीठ बरोबर असतं.

(पाकिटाच्या पाठीवर) ता. क. चौथा. योगराज उद्या कामासाठी नंदुरबारला निघाला आहे, वाटेत नवापूरला उतरून हे पत्र तुमच्या हातात देईल. पाकीट त्यानेच डिंक लावून बंद केलं. तो वाचणार नाही. मी असतो तर वाचलं असतं. (एवढं मागचं वाचेल, वाचू दे.) तो म्हणतो, येताना ताईंना घेऊन येतो. तिला त्याच्याबरोबर पाठवू नका. मी रविवारी स्वतः येतो. ती येवो किंवा न येवो, दाराजवळच्या खाटेवर बसून राहीन. आणि दादा, निघताना या वेळी मला काही देऊ नका. वडील नसताना चौतीस वर्षांपूर्वी तुम्ही जिचा हात माझ्या हातात दिलात, तीच पुन्हा दिलीत तर मला पुष्कळ आहे.